भोगीपर्यंतच्या पाच पहाटा

नाशिकची थंडी वेळेची पक्की. जानेवारीत दुपारी बाराला सीबीएसवर, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकावर, उतरणाऱ्या पाहुण्याला ती भेटतच नाही. पारा अठ्ठावीसच्या आसपास, स्वेटर कमरेला बांधलेला, आणि वर शेरा तयार: "कुठंय तुमची थंडी?" ती पहाटे चारपासून सकाळी नऊपर्यंत असते. तिला गाठायचं तर त्या वेळेत बाहेर पडायचं आणि एका जागी बसायचं. चालताना, पळताना, शेकोटीभोवती गप्पा हाणताना ती फक्त अंगाला लागते, दिसत नाही. म्हणून भोगीला संपणाऱ्या पाच दिवसांचा हा बेत. रोज एक जागा, आणि प्रत्येक जागी निदान चाळीस मिनिटं गप्प बैठक.

सामान थोडंच, पण नेमकं. एका जाड जाकिटापेक्षा तीन पातळ थर बरे. चढणीला एक उतरवता येतो आणि बसल्यावर पुन्हा चढवता येतो. बसून राहणाऱ्याला चालणाऱ्यापेक्षा एक थर जास्त लागतो, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. अंगालगतचा सुती बनियन घामाने भिजला की पुढचा तासभर गारठवत राहतो, म्हणून चढणीच्या दिवशी कोरडा बनियन पिशवीत हवाच. मोज्यांचे दोन जोड घालून बूट आवळले तर पाय जास्त गार पडतात. बोटांभोवती हवा उरत नाही आणि रक्तही नीट फिरत नाही. बसायला घोंगडीची चौपदरी घडी घ्या. दगड आणि माती खालून ऊब ओढून घेतात, आणि ही थंडी वाऱ्यापेक्षा वाईट. टिपणं काढायला पेन्सिल, कारण दवाने ओलसर झालेल्या कागदावर बॉलपेन उमटत नाही. आणि एक साधा थर्मामीटर. तो हातात धरून वाचायचा नाही. काठीला टांगून, अंगापासून लांब, पाच मिनिटं थांबून वाचायचा.

पहिला दिवस : गंगेवर

नाशिककर गोदावरीला गंगा म्हणतात आणि घाटावर जाण्याला 'गंगेवर जाणं'. या दिवसांत सूर्योदय सात वाजून बारा मिनिटांच्या आसपास असतो. घाटावर सव्वासहाला पोचावं. बुधवार टाळावा, त्या दिवशी घाटावर आठवडे बाजार भरतो आणि पहाटेपासूनच टेम्पो, पाल, आरडाओरडा सुरू होतो.

बघायच्या आहेत पाण्यावरच्या वाफा. दिवसभर तापलेलं पाणी रात्रीतून हवेइतकं झपाट्याने निवत नाही. पहाटे हवा आठ-दहा अंशांवर आलेली असते आणि पाणी तिच्यापेक्षा कितीतरी उबदार असतं. पाण्यातून उठणारी वाफ वरच्या गार हवेत निवून बारीक थेंबांची होते आणि चुलीवरच्या आधणासारखी हलताना दिसते. त्या दिसतील की नाही, हे आदल्या रात्री झोपताना आकाशाकडे बघून सांगता येतं. चांदण्या लख्ख आणि झाडाचं पान हलत नसेल तर दिसतील. ढग असतील तर नाही, कारण ढग हे जमिनीवरचं पांघरूण. त्याच्याखाली रात्र निवत नाही. वारा असेल तरीही नाही, वाफ उठताच पांगते.

कुठल्या काठावर बसता यावरही बरंच अवलंबून आहे. जुन्या नाशिकच्या काठावर तोंड पंचवटीकडे करून बसलं की ऊन समोरून येतं आणि वाफांच्या कडा उजळतात. पंचवटीच्या काठावरून त्याच वाफा राखाडी, मळकट दिसतात. खुद्द रामकुंडावर गर्दी आणि दिव्यांचा झगझगाट असतो. तिथून गाडगे महाराज पुलाच्या दिशेला थोडं खाली सरकावं. पावसाळ्यात पूर मोजायला सगळं शहर ज्याच्याकडे डोळे लावतं तो दुतोंड्या मारुती या दिवसांत कोरड्या पायांनी उभा असतो. पूर त्याच्या कमरेला लागला की गळ्याला, याची चर्चा करणाऱ्या गावाला जानेवारीत त्याच्याकडे ढुंकून बघायला सवड नसते.

पायऱ्यांवर शेपटी खालीवर नाचवत धावणारे छोटे पक्षी म्हणजे धोबी. पांढरा धोबी आणि पोटाखाली पिवळसर झाक असलेला करडा धोबी, दोघेही हिवाळी पाहुणे. भिंतीच्या कडेला किंवा पडक्या ओट्यावर शेपूट थरथरवणारा काळा-तांबूस पक्षी दिसला तर तो थिरथिरा. त्याचं नाव ज्याने ठेवलं, तो नक्की बराच वेळ एका जागी बसला असणार.

डोळे मिटून पाच मिनिटं नुसतं ऐकावं. गार पहाटे लांबचे आवाज जवळ येतात. जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार, अशी उलटी मांडणी असली की वर निघालेला आवाज वाकून पुन्हा खाली येतो. महामार्गावरचे ट्रक, पलीकडच्या देवळातली घंटा, कुणाच्या तरी बादलीच्या कडीचा आवाज, सगळं शेजारी असल्यासारखं. साडेआठला ऊन तापू लागलं की तेच आवाज दूर जातात. स्नान करणाऱ्यांचे फोटो काढू नयेत, एवढं सांगायची वेळ यायला नको, पण येते.

दुसरा दिवस : नांदूरमध्यमेश्वर

निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ ब्रिटिश काळात, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, बंधारा घातला गेला. गोदावरीचे उजवा आणि डावा हे दोन्ही कालवे तिथून निघतात. बंधाऱ्यामागे शंभर वर्षं गाळ साचत गेला, उथळ पाणी, पाणगवत आणि बेटं तयार झाली, आणि पक्ष्यांना हवं ते सगळं आयतंच मिळालं. म्हणजे आज ज्याला आपण निसर्ग म्हणून बघायला जातो, तो पाटबंधाऱ्याच्या गाळाचा प्रताप. १९८६ साली अभयारण्य जाहीर झालं आणि २०२० मध्ये हे महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ठरलं.

शहरापासून अंतर चाळीस किलोमीटरच्या आसपास. धुकं नसेल तर तास-सव्वातास, असेल तर दीड तास धरावा. चांदोरीच्या पुढे नदीकाठच्या सखल भागात धुकं अचानक लागतं. गाडीचे दिवे अप्परवर टाकले की समोर पांढरी भिंत उभी राहते, म्हणून डिपरवरच ठेवावेत. ऊस भरलेल्या ट्रॉल्यांना मागे दिवा असेलच असं नाही. दुचाकीवाल्यांनी जाकिटाच्या आत छातीवर वर्तमानपत्राची घडी घालावी. उपाय जुना आहे आणि अजून त्याला तोड नाही.

निघण्याआधी एक चौकशी मात्र करायचीच: कालव्याला आवर्तन, म्हणजे शेतीच्या पाण्याची पाळी, सुटलंय का? बंधाऱ्यात पाणी भरलेलं असेल तर चिखलात चालून खाणारे पक्षी, शेकाटे, तुतवार, चमचे, उथळ जागा शोधत दुसरीकडे जातात. पाणी खाली गेलं की चिखलाची पट्टी उघडी पडते आणि तेच पक्षी परततात. "मागच्या वर्षी इतके होते, यंदा काहीच नाहीत" असं म्हणत परतणारे बहुतेक लोक पाण्याची पातळी न विचारता आलेले असतात.

चापडगावच्या बाजूला निरीक्षण मनोरे आहेत आणि दुर्बिणी घेतलेले स्थानिक मार्गदर्शक भेटतात. मार्गदर्शक घ्यावाच. स्टँडवरच्या मोठ्या दुर्बिणीतून चक्रवाकाचा डोळा दिसतो, आणि कुठल्या बेटावर काल काय होतं हे त्यांनाच ठाऊक असतं. स्वतःची दुर्बीण घ्यायची असेल तर आठ पट आणि बेचाळीस मिलिमीटरची पुरते. दहा पटीची गारठलेल्या हातात थरथरते. नवख्यांची नेहमीची तक्रार म्हणजे दुर्बिणीत सगळं धूसर दिसतं. दोष बहुतेक वेळा मफलरचा असतो. नाकावरून गुंडाळलेला मफलर श्वास वर ढकलतो आणि तो थेट डोळ्याजवळच्या भिंगावर बसतो. मफलर हनुवटीखाली ओढावा आणि श्वास खाली सोडावा. गारठलेली दुर्बीण उबदार गाडीत आणली तरी भिंगावर ओल धरते. ती पिशवीत बंद करूनच आत आणावी, हळूहळू तापू द्यावी.

पहाटे सहसा पहिला अर्धा तास काहीच दिसत नाही, आणि तोच सगळ्यात चांगला असतो. धुक्यात पाणी, आकाश, काठ यांच्यातल्या रेघा पुसलेल्या असतात. आवाज मात्र येत राहतात. चक्रवाकांचं "आंग-आंग" असं नाकातलं ओरडणं, पाणकोंबड्यांची कुरकुर, पंख पाण्यावर आपटत धावण्याचा फटफटाट. हा शेवटचा आवाज वारकऱ्यांचा. अंगाने काळे आणि कपाळावर पांढरा टिळा, म्हणून हे नाव. उडायच्या आधी ते पाण्यावरून लांब पळत सुटतात.

आठ-साडेआठला धुकं वर उचललं जाऊ लागतं. ते कडेने विरत नाही. आधी जमिनीलगत फट पडते आणि बदकांचे पाय, बुडं दिसतात. मग हळूहळू पडदा वर जातो. ऊन धुक्यातून झिरपून आधी जमीन तापवतं, म्हणून खालची हवा पहिली मोकळी होते.

बदकं ओळखायला रंगांपेक्षा त्यांचं खाणं बघावं. थापट्याची चोच पुढे फावड्यासारखी रुंद, ती पाण्यावर ठेवून तो गोल गोल फिरतो. कधी आठ-दहा थापटे एकामागोमाग एक चकरा मारतात, घाण्याच्या बैलासारखे. तलवार बदक डोकं पाण्यात घालून शेपूट आकाशाकडे करतं, आणि नराची शेपूट लांब टोकदार असल्याने तिथे काड्या रोवल्यासारखं दिसतं. भुवई बदकाच्या नराच्या डोळ्यावरून मागे जाणारी पांढरी पट्टी लांबूनही ओळखू येते. हळदी-कुंकू बदक इथलंच, बारमाही. चोचीच्या टोकाला हळद, बुडाशी कुंकू. एवढं समर्पक नाव दुसऱ्या कुठल्या पक्ष्याला क्वचितच असेल.

बसण्याचा हिशेब असा. तुम्ही पोचताच जवळचे पक्षी पाण्याच्या आतल्या बाजूला सरकतात. पहिली दहा मिनिटं ते तुमच्याकडे बघत असतात. विसाव्या मिनिटाला खायला लागतात. तिसाव्या मिनिटापासून जवळ येतात. बहुतेक मंडळी पंधराव्या मिनिटाला उठतात, "काही जवळ येत नाही" म्हणून. कपडे मातकट असावेत. पांढरा शर्ट लाल शर्टापेक्षा जास्त घात करतो. बोट दाखवू नये, उभ्याउभ्या हात उंचावणं हीच त्यांच्या लेखी धमकी. आणि सगळा थवा एकदम उठला तर तो तुमच्यामुळेच उठला असं समजू नका. आधी वर बघा. दलदलीवरून पंख इंग्रजी व्हीसारखे धरून तरंगत येणारा भोवत्या दिसेल.

मोजायची हौस असेल तर एकेक पक्षी मोजू नये. थव्यात दहा मोजा, ते किती जागा व्यापतात ते डोळ्यांत धरा, आणि तेवढे तुकडे पुढे मोजत जा. थवा उडाल्यावर केलेला अंदाज पाण्यावरच्या अंदाजाशी ताडून बघावा. दोन्हींत मोठी तफावत पडते, आणि पुढच्या वेळी ती कमी होते. सूर्य पाठीशी हवा, म्हणजे सकाळी पश्चिमेकडे तोंड करता येईल असा काठ निवडावा. साडेदहानंतर पाण्यावर झळाळी येते, बदकं डोकं पाठीवर ठेवून झोपतात, आणि परत फिरायला हरकत नसते.

तिसरा दिवस : निफाडचं शिवार

वर्तमानपत्रात रोज 'निफाडचा पारा' छापून येतो तो कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला. नाशिक शहरापेक्षा तो बऱ्याचदा दोन-चार अंशांनी खाली असतो. शहरातलं काँक्रीट दिवसाची ऊब रात्रभर सोडत राहतं. निफाडला उघडं, सपाट, ओलीताचं शिवार आहे, आणि गार हवा जड असल्याने रात्री ओघळत येऊन सखल भागात साचते, पाण्यासारखीच. डिसेंबर २०१८ च्या अखेरीस तिथे पारा दोन अंशांच्याही खाली गेला होता. सरकारी तापमापक जमिनीपासून साधारण सव्वा मीटरवर, झडपांच्या पांढऱ्या पेटीत असतो. त्याच वेळी गवताच्या पात्याजवळ आणखी गार असतं. म्हणून पेटीतला पारा शून्याच्या वर असतानाही पानावरचं दव गोठू शकतं. तुमच्या काठीवरचा थर्मामीटर एकदा डोक्याच्या उंचीवर आणि एकदा घोट्याजवळ वाचा. वारा नसलेल्या पहाटे फरक स्वतःच्या डोळ्यांनी दिसतो.

या दिवशी शिवारात पावणेसहाला पोचावं, कारण हरभऱ्याची आंब सूर्य वर यायच्या आत गोळा करायची असते. हरभऱ्याच्या पानांवर आणि घाट्यांवर बारीक केस असतात आणि त्यांतून आंबट रस पाझरतो. त्यात मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्लं असतात. रात्रीचं दव त्यात मिसळतं. रीत सोपी आहे. धुतलेलं, साबणाचा वास नसलेलं मलमलीचं पांढरं फडकं घ्यायचं. दोघांनी दोन टोकं धरून झाडांच्या शेंड्यांवरून हलकेच ओढत न्यायचं, दाबायचं नाही. एका सरीत ते जड होतं. मग काचेच्या किंवा चिनीमातीच्या भांड्यात पिळायचं. पितळ, तांबं, ॲल्युमिनियम नको, आम्ल धातूला खातं. पहिलं पिळलेलं पाणी धुळीचं असतं, ते टाकून द्यावं. जुन्या घरांत पोटदुखीवर आंब थेंबांनी देत. चव बघायची तर बोट बुडवून जिभेला लावण्याइतकीच. आणि सगळ्यात महत्त्वाचं: शेताच्या मालकाला आधी विचारायचं, "दादा, फवारणी कधी झालीय?" घाटेअळीसाठी औषध मारलं असेल तर फडकं पिशवीतून काढायचंच नाही. हरभऱ्यातून फिरल्यावर घोट्यांना चुणचुणतं आणि कातडी बुटांवर पांढरे डाग पडतात, तेही याच आम्लामुळे.

सहा-सव्वासहाला द्राक्षबागांकडे वळावं. तिथे थंडीचं दुसरं तोंड दिसतं. ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी, म्हणजे फळांसाठीची छाटणी, झालेल्या बागांत या दिवसांत मण्यात पाणी उतरायला लागतं. म्हणजे कडक हिरवा मणी मऊ, पारदर्शक होऊ लागतो आणि साखर भरू लागते. नेमका हाच काळ कडाक्याच्या थंडीचा. दुपार अठ्ठावीस-तीसची आणि पहाट सहा-सातची झाली की पांढऱ्या जातींच्या मण्यांवर गुलाबी छटा चढते. बागायतदार तिला 'पिंक बेरी' म्हणतात. दिसायला सुरेख, पण निर्यातीचा माल बाद. त्यावर उपाय म्हणून घडांना वर्तमानपत्राचे कागद गुंडाळतात. ओळीच्या ओळी बातम्यांनी झाकलेली बाग जानेवारीतच दिसते. थंडीत वेलीची वाढ मंदावते, मणी फुगत नाहीत, आणि मुळांना अचानक जास्त पाणी मिळालं तर ते तडकतात.

पहाटे बांधावर धूर दिसला तर ती शेकोटी माणसांसाठी नसते. ओला पालापाचोळा, भुस्सा पेटवून बागेवर धुराचा थर धरायचा प्रयत्न असतो. बिनवाऱ्याच्या पहाटे धूर वर न जाता छातीएवढ्या उंचीवर आडवा पसरतो. वरची उबदार हवा त्याला झाकणासारखी दाबते. पहिल्या दिवशी हवेच्या ज्या उलट्या मांडणीबद्दल बोललो, ती डोळ्यांनी बघायची जागा हीच. जोडीला ठिबक चालू करतात. विहिरीचं पाणी पहाटेच्या हवेपेक्षा उबदार असतं आणि त्याची ऊब मातीला मिळते. या सगळ्याचा फायदा दोन-चार अंशांपलीकडे नसतो, वारा सुटला तर तोही नाही. तरी रात्र जागून हे करावंच लागतं.

बागेत न विचारता शिरू नये. शिरलात तर घडाला हात लावू नये. मण्यावर पांढुरकी मेणासारखी लव असते, बागायतदार तिला लस्टर म्हणतात. बोट लागलं की ती पुसली जाते आणि पुन्हा येत नाही. ट्रॅक्टरवरचा औषध फवारणारा ब्लोअर फिरत असेल तर वाऱ्याच्या दिशेला उभं राहू नये.

एकच थंडी कुणाला काय देते, हे या शिवारात बांधाबांधावर बदलतं. गव्हाला ती हवीच, त्याशिवाय फुटवे धरत नाहीत. कांद्याचं रोप फार गारठलं तर पुढे डेंगळे येतात, म्हणजे गड्डा भरण्याऐवजी फुलाचा दांडा निघतो. उन्हाळ कांद्याची लावण याच दिवसांत चालू असते. आठ वाजता वाफ्यातल्या गार चिखलात बोटं खुपसून रोपं लावणाऱ्या बायकांच्या ओळी दिसतात. गुलाबी थंडी हा शब्द त्यांच्यापुढे तोंडातून निघत नाही.

चौथा दिवस : अंजनेरी

त्र्यंबक रस्त्यावर, शहरापासून वीसेक किलोमीटर. उंची सुमारे १,३०० मीटर. पायथ्याच्या गावातून सातला चढायला सुरुवात करावी. पहाटेच्या अंधारात नको. घळीतल्या पायऱ्या दवाने निसरड्या असतात आणि घळीत ऊन उशिराच पोचतं. त्या घळीतच जैन लेणी आहेत. तिथे थांबून हात खडकाला लावून बघा. बाहेरचा खडक गार, आतला त्या मानाने कोमट. वर पठारावर आल्यावर थर्मामीटर वाचा. उंची वाढली म्हणजे गारठा वाढायला हवा, पण बिनवाऱ्याच्या सकाळी वरचा आकडा पायथ्यापेक्षा जास्त भरलेला दिसतो. गार हवा रात्रीतून खाली ओघळून गेलेली असते.

पठार या दिवसांत सोनेरी, कोरडं. पावसाळ्यात इथे फुलणारं कंदीलपुष्प, ज्याच्या एका जातीला अंजनेरीचंच नाव मिळालंय, आता दिसत नाही. ते कंदाच्या रूपात मातीत आहे. म्हणून पायवाट सोडून गवत तुडवू नये आणि काडी तर ओढूच नये, वाळलेलं गवत एका ठिणगीत पेटतं. २०१७ मध्ये हा भाग राखीव संवर्धन क्षेत्र झाला.

बैठक मारायची ती कड्यासमोर, पण कड्यापासून लांब. खडकावर चुना ओघळल्यासारखे पांढरे पट्टे दिसले की तिथे लांब चोचीच्या गिधाडांची घरटी समजावीत. पट्टे विष्ठेचे असतात. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये एकच अंडं, उबवायला पन्नासेक दिवस, त्यामुळे जानेवारीत कुठे उबवणं चालू असतं तर कुठे नुकतं पिल्लू आलेलं असतं. आई-बाप आळीपाळीने बसतात. आरडाओरड, ड्रोन, कड्याच्या टोकावर जाऊन वाकून बघणं यांनी ते उडाले तर अंडं उघडं पडतं आणि गारठतं. जनावरांना दिलेल्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामकामुळे यांची संख्या कोसळली, २००६ मध्ये त्या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली, आणि वर्षाला एकाच पिल्लाच्या हिशेबाने ती भरून यायला किती काळ लागेल हे सांगायला गणित लागत नाही.

सकाळी नऊच्या आधी गिधाडं उडताना दिसत नाहीत म्हणून हिरमुसू नका. इतकं जड अंग पंख मारून नेणं त्यांना परवडत नाही. खडक तापून हवा वर उठू लागली की साडेनऊ-दहाला एकेक कड्यावरून सुटतं, पंख न हलवता चकरा घेत चढतं. पहिलं गिधाड उडालं की समजावं, आजची थंडी संपली. घड्याळ बघायची गरज नाही.

त्याच दिवशी मुक्काम त्र्यंबक रस्त्यावरच्या एखाद्या गावात करावा. शहराचा उजेड पूर्वेला राहतो आणि दक्षिणेचं आकाश बऱ्यापैकी काळं मिळतं. चंद्र असेल तर मजा निम्मी. डोळ्यांना अंधार सवयीचा व्हायला वीस मिनिटं लागतात, आणि मध्ये एकदा मोबाइल बघितला की पुन्हा वीस. रात्री साडेदहाला मृग दक्षिणेला उंच असतं. त्याच्या पोटातल्या, एका ओळीतल्या तीन ताऱ्यांना खेड्यात तिकांडं म्हणतात. ती रेघ खाली डावीकडे वाढवली की व्याध, वर उजवीकडे वाढवली की तांबूस रोहिणी. सव्वाअकराच्या सुमारास दक्षिण क्षितिजाकडे बघा. हात लांब करून मूठ धरली तर ती दहा अंश भरते. पावणेदोन मुठी वर एकटाच लुकलुकणारा ठळक तारा म्हणजे अगस्त्य. याहून वर तो नाशिकमध्ये कधीच येत नाही. दिल्लीत तो पुरती एक मूठही वर येत नाही.

पाचवा दिवस : भोगी

आज कुठे जायचं नाही. अंगण किंवा गच्ची पुरे.

धनुर्मासाचा, म्हणजे आपल्या धुंधुरमासाचा हा शेवट. जेवण सूर्योदयाला. मुगाची खिचडी, तीळ थापलेली बाजरीची भाकरी, लोण्याचा गोळा, आणि भोगीची भाजी: वांगी, गाजर, वालपापडी, सोलाणे, ओले शेंगदाणे, दोन-चार बोरं, तिळाचं कूट. बाजरीचं पीठ दळून आठवड्यावर गेलं असेल तर भाकरीला कडवट चव येते, म्हणून ताजंच दळावं. थापताना चिरा पडत असतील तर पाणी कोमट घ्यावं आणि पीठ जास्त मळावं. तीळ वरून भुरभुरले की तव्यावर सुटतात. भाकरी परातीत थापतानाच तिळावर थापावी आणि ती बाजू शेवटी विस्तवावर धरावी. भाजीत बोरं शेवटच्या पाच मिनिटांत, नाहीतर फुटून सगळी आंबट होते. "न खाई भोगी तो सदा रोगी" हे म्हणायला कुणीतरी घरात असतंच.

भाजी शिजत असताना एक मीटरची सरळ काठी ओळंब्याने उभी रोवा. साडेबारापासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी कोळशाने खूण करा. सगळ्यात आखूड सावली बाराला पडत नाही, पाऊण वाजायच्या सुमारास पडते. आपलं घड्याळ पूर्वेकडच्या रेखांशावर चालतं, त्यामुळे नाशिकचा मध्यान्ह पस्तीसेक मिनिटं उशिरा, आणि जानेवारीत पृथ्वीच्या कक्षेमुळे त्यात आणखी आठ-नऊ मिनिटांची भर. त्या क्षणी सावली साधारण ८८ सेंटीमीटर भरते. बावीस डिसेंबरला कुणी हीच खूण केली असेल तर ती ९५ च्या जवळ असेल. मधल्या तीन आठवड्यांत सूर्य एवढा वर सरकला. काठी तिरकी असेल किंवा गच्चीला पाण्यासाठी उतार दिला असेल तर आकडा चुकतो, बादलीभर पाणी ओतून उतार आधी बघून घ्यावा.

संक्रांतीपासून दिवस तिळातिळाने वाढतो म्हणतात. वाढायला तो डिसेंबरअखेरपासूनच लागलेला असतो, पण तीळ कुठल्या टोकाला चिकटतो ते घड्याळ घेऊन बघण्यासारखं आहे. नोव्हेंबरअखेर सूर्य सहाच्या आधीच, पाच-चौपन्नच्या सुमारास बुडत होता. भोगीला तो सहा-चौदाला बुडतो. संध्याकाळ वीस मिनिटांनी लांबली. पहाटेला मात्र अजून एक मिनिटही परत मिळालेलं नाही, सूर्योदय वर्षातला सर्वांत उशिराचा आहे तो याच आठवड्यात. गच्चीवरची काठी तशीच ठेवा. रथसप्तमीच्या दुपारी त्याच कोळशाने पुढची खूण करायची आहे.